प्रेमाच्या सणाचे मूळ: समितीचा अहवाल

कोणताही सण आपला की परका हे ठरल्याशिवाय त्या दिवशी नेमकं कुणाला बदडायचं, हे माणसाला कळत नाही. म्हणून संशोधन लागतं.

चौदा फेब्रुवारीला आमच्या मूळशोध समितीने कुसगावजवळच्या टेकडीवर अमृता आणि किरण यांना एकच कणीस दोघांत खाताना पकडलं. अमृता लोणावळ्यातल्या हॉटेलात रिसेप्शनला, किरण नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात. दोघांना देवळाच्या हॉलात बसवलं. ठराव असा झाला: सण परका निघाला तर अमृताची नोकरी बंद आणि महिन्याभरात दुसरीकडे लग्न, आपला निघाला तर सन्मानाने सुटका. अमृताचे वडील 'समिती म्हणेल तसं' म्हणून मोकळे झाले होते.

संशोधन समितीतल्या राजेंद्रच्या मोबाइलवर झालं (चार्जिंग सत्तावीस टक्के). पूर्वी रोममध्ये फेब्रुवारीच्या मध्याला एक उत्सव असे. त्यात बोकड कापत.

"बोकड?" अध्यक्ष महिपतीभाऊ सावरून बसले. "मंग ह्ये आपलंच हाय की!"

पुढे त्याच बोकडाच्या कातड्याच्या वाद्या घेऊन पुरुष धावत सुटत आणि वाटेत येणाऱ्या बायकांना फटके मारत. समितीला गहिवरून आलं. शिवाय पोरींची नावं मडक्यात टाकून पोरं चिठ्ठी उचलत आणि जोड्या लागत, असंही काही जण सांगतात. (याला पुरावा नाही, आजच्या सणाशी संबंधही सिद्ध नाही, असं विद्वान म्हणतात. विद्वानांना बैठकीचं निमंत्रण नव्हतं.) बोकड, फटके आणि मुलीला न विचारता लागलेली जोडी! सण शंभर टक्के मावळातला, हे एकमताने मंजूर झालं. रोमवाले इथूनच शिकून गेले असावेत.

"मंग आमी जाऊ?" किरणने विचारलं.

समितीने माहिती पुन्हा वाचली. प्राचीन सणात सगळं होतं, फक्त दोघांनी आपणहून एकमेकांना पसंत करणं कुठेच नव्हतं. म्हणजे सण आपला, प्रेम तेवढं मागाहून कुणीतरी घुसडलेलं. तेव्हा परंपरेप्रमाणे चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. मडकं नव्हतं, प्रसादाचा डबा घेतला. त्यात गावातल्या झाडून सगळ्या बिनलग्नाच्या पोरांची नावं पडली. अमृताच्या वडिलांनी हात घातला. निघाला किरण.

अमृता रडायलाच लागली, आनंदाने. महिपतीभाऊंनी चिठ्ठी उजेडात धरून दोनदा वाचली.

"नाव बराबर हाय," ते म्हणाले. "आडनाव बसत न्हाई. परत काढा."

"बाबा, त्याचंच नाव निघालं ना?" अमृता म्हणाली. बाबांनी डब्यात पुन्हा हात घातला. पाचव्या चिठ्ठीला आडनाव बसलं. मला फार वाईट वाटलं, पण मी इतिवृत्त लिहीत होतो, त्यामुळे बोलता आलं नाही.

तुम्ही समितीला हसलात, छान झालं. एकच विचारतो. 'आडनाव बसत न्हाई' म्हटल्यावर त्या दोघांची आडनावं काय असतील, याचा अंदाज तुम्हीही बांधायला लागलात ना? या, बसा. समितीत एक जागा रिकामी आहे.