अप्पांच्या कपाळावरची पीएच.डी.

"आपल्या घरात देवघराइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही!" असं छातीठोकपणे सांगून सुकन्यानं पावडरची स्टीलची डबी देवाच्या फळीवर ठेवली. डाळमिलमधली तुरीची टरफलं जाळून, त्यात टायटॅनियमची पूड मिसळून, चार वर्षं खपून बनवलेली ती राखाडी पावडर! कापडगिरणीच्या रंगीत पाण्यात टाका, उन्हात ठेवा, रंग गायब. दुसऱ्या दिवशी नांदेडला परीक्षक सालेहा मॅडमना एवढं दाखवलं, की पीएच.डी. पक्की.

लातूरहून सोबत वडील निघाले, ईश्वरप्पा. लेकीची परीक्षा म्हणून त्यांनी त्या दिवशी कपाळ, दंड, छाती, सगळीकडे घसघशीत भस्म लावलं होतं.

नांदेडात ऊन मी म्हणत होतं. कॉलेजच्या अंगणात सुकन्यानं निळ्या पाण्याच्या भांड्यात अख्खी डबी रिकामी केली. अर्धा तास गेला, तास गेला. पाणी निळं ते निळंच!

"ऊन कमी पडतंय का?" मॅडमनी घाम पुसत विचारलं.

सुकन्यानं रिकामी डबी उचलली. तिनं डबी हुंगली. कापराचा वास! घरात तशाच दोन डब्या होत्या, एक तिची, एक देवाच्या भस्माची. तिनं वडिलांकडे पाहिलं. चार वर्षांचं संशोधन तीन पट्ट्यांत त्यांच्या कपाळावर झळकत होतं.

"अप्पा, शर्ट काढा!"

"येडी झालीस काय? म्याडम बसल्यात समोर!"

"माझी डिग्री हाय तुमच्या छातीवर!"

अप्पांनी लाजत शर्ट काढला. सुकन्यानं ब्रशनं त्यांना कपाळापासून खरवडून काढलं आणि ती पूड निळ्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात झटकली. सगळे भांड्यावर वाकले. निळं पाणी आकाशी झालं, मग फिकट, मग चक्क नितळ! सुकन्याला रडूच फुटलं. सुटली बिचारी एकदाची!

"वापरलेली पावडर परत कशी मिळवता?" मॅडमनी शेवटचा प्रश्न टाकला.

"पुसून," अप्पाच बटणं लावत म्हणाले.

मॅडमना हसू आवरेना. पुढच्या तपासणीसाठी ते नितळ पाण्याचं भांडं बरोबर घेऊन, सुकन्याचं अभिनंदन करून त्या गेल्या.

सुकन्या पेढे घेऊन आली, तर अप्पा पहिल्या भांड्यापाशी निवांत बसलेले. कपाळावर तीन ठसठशीत निळ्या पट्ट्या!

"बोडक्या कपाळानं पेढा कसा खाऊ? भस्म तळाशी बसलं होतं, घेतलं लावून."

"अप्पा, हा रंग साबणानं जात न्हाई!"

"मग तुझी पावडर लाव की. बसतो उन्हात!"

"ती सगळी मॅडम घेऊन गेल्या."

लातूरच्या एसटीत डॉक्टर सुकन्यानं वडिलांना हट्टानं उन्हाच्या बाजूला बसवलं. नुसत्या उन्हानं हा रंग जात नाही, हे तिनं स्वतःच प्रबंधात लिहिलं होतं.