शिरसाठकाकांची लाल फुली

माझ्या स्कूटरच्या मागच्या मडगार्डवर लाल खडूची एक फुली आहे. मी ती ओल्या फडक्याने पुसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा तिथेच असते. ही फुली तळमजल्यावरच्या शिरसाठकाकांची. मडगार्ड एका बाजूला जरासा कलला आहे, आणि कललेली वस्तू फुली न मारता सोडून देणं काकांच्या रक्तात नाही. चारचौघांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं. यांच्या खिशात लाल खडू आणि व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं ते पोलादी हत्यार.

इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत या माणसाने कशाकशाला फुली मारली आहे ते सांगत बसले तर शाळेला उशीर होईल. लिफ्टचं दार, गच्चीची कडी, टाकीचं झाकण. दुसऱ्या मजल्यावर साखरपुडा होता, तेव्हा यांनी ताटातली पुरणपोळी कॅलिपरमध्ये धरली. "कडेला दोन, मध्ये साडेचार! रिजेक्ट!" असं ओरडून आचाऱ्यालाच बोलावून घेतलं. आचारी हातात झारा घेऊनच आला. मी मध्ये पडले नसते तर त्या दिवशी साखरपुडा राहिला असता बाजूला.

मला या माणसाचा राग येतो. उगाच गोड बोलायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

अंबडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी तपासणी खात्यात काढली. आलेला माल मोजायचा, मापात नसेल तर लाल फुली मारून बाजूला टाकायचा. निवृत्त झाले तेव्हा खातं घरी घेऊन आले. काकू होत्या तोवर "अहो, माणसं आहेत ती, नटबोल्ट नव्हेत," असं म्हणून त्या आवरायच्या. त्या गेल्या आणि आवरणारं कोणी उरलं नाही. एकुलता एक मुलगा नितीन बंगळुरूला. बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत, जे काही कळायचं ते सुनेच्या तोंडून कळतं. एरवी काका आपल्यासारखंच बोलतात, पण राग आला की विंचूर गावातलं लहानपण तोंडात येतं. आणि राग रोज येतो.

दिवाळीला पंधरा दिवस होते. सकाळी मी कणीक मळत असताना बेल वाजली. दारात काका, चार मजले चढून धापा टाकत. लिफ्टला स्वतःच फुली मारलेली, मग तिच्यात बसणार कसे?

"बाई, तुम्ही पहिलीला शिकवता ना? पाच वर्षांच्या पोरीच्या बोटांत जोर किती असतो?"

"कोणाच्या पोरीच्या?"

"मुक्ताच्या. येतेय."

मुक्ता म्हणजे नितीनची मुलगी, त्यांची नात. सुनेने फोनवर सांगितलं होतं की आठ दिवस राहायला येतो, आणि मुक्ताला दगडावर चढणारी रिमोटची गाडी हवी आहे.

"रॉक क्रॉलर म्हणतात," काका म्हणाले. "मोठी चाकं असतात, हळू चालते, दगडधोंड्यावर चढते. पोरीला हळू चालणारीच गाडी पाहिजे. पळणारी घेतली तर भिंतीवर आपटंल, नायतर पायावर जाईल. पण बाजारात लय भिकार माल हाय! तुम्ही चला. तुम्हाला पोरं कळतात, मला माल कळतो."

असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक लाकडी हात काढला. मी दचकले. प्लायवूडमधून कापलेला चिमुकला पंजा, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेल्या. कारखान्यात भोक बरोबर आहे का ते बघायला एक ठोकळा असतो, त्याला गेज म्हणतात. तो बसला तर माल पास, नाही बसला तर फुली. काकांनी नातीच्या हाताचं गेज केलं होतं. सुनेने पाठवलेल्या भेटकार्डावर मुक्ताचा पंजा पेन्सिलीने गिरवलेला होता, त्यावरून. ज्या गाडीचा रिमोट या पंजात बसेल ती गाडी घ्यायची.

त्या शनिवारी आम्ही माझ्या स्कूटरवरून सहा दुकानं हिंडलो. पहिल्या गाडीच्या बॅटरीचं झाकण नखाने उघडलं. "पोरगी सेल तोंडात घालंल," रिजेक्ट. दुसरी गाडी चांगली मांजराएवढी होती. "ही पायावर पडली म्हंजे?" रिजेक्ट. तिसरीच्या टपाची कड त्यांनी स्वतःच्या गालावर फिरवून पाहिली. चौथ्या दुकानात ते टायरचा वास घेत बसले, आणि गिऱ्हाईकं आमच्याकडे बघत बसली. हे सगळं, खरं सांगायचं तर, बरोबरच होतं. लहान मुलाच्या हातात द्यायची वस्तू अशीच बघून घ्यावी. पण बरोबर असलेली गोष्ट इतक्या मोठ्याने ओरडून सांगायची काय गरज होती?

कॉलेज रोडच्या दुकानात कहर झाला. दुकानदाराने कौतुकाने नवीन गाडी काढली. चारही चाकांना मोटर, वगैरे. काकांनी रिमोटवर लाकडी पंजा ठेवला.

"अंगठा पोचत नाय."

"काका, लाकडाचा अंगठा कुठून पोचणार?" दुकानदार म्हणाला.

"पोरीचा तरी कुठून पोचंल? हे बटण बघा! कोणी बनवलं हे? पोरं नाय का त्याच्या घरात?" आणि मला काही कळायच्या आत त्यांनी खडू काढून दुकानदाराच्या कोऱ्या खोक्यावर ही मोठी फुली मारली.

आम्हाला बाहेर काढलं. अक्षरशः. आणि दारातच माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई उभी होती. "बाई, तुम्ही?" म्हणाली. माझं डोकं फिरलं.

"काका, आता माझ्या गाडीवर बसू नका. ज्या स्कूटरला रोज फुली मारता तिच्यावरच बसून अख्खं नाशिक हिंडलात!"

"म्हणून तर घट्ट धरून बसलो होतो," काका म्हणाले.

शेवटी मेन रोडच्या एका लहानशा दुकानात दीड वितीची हिरवी गाडी मिळाली. झाकणाला स्क्रू, कडा गोल, वास नाही, आणि एवढुसा रिमोट. लाकडी पंजात तो नेमका बसला. काका पहिल्यांदाच काही न बोलता दुकानातून बाहेर पडले. सुटले बाई एकदाची, असं मी मनात म्हटलं.

मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते, हे विसरले होते. माझ्या डोक्यावर गच्ची आहे.

रविवारी दुपारी मी चाचणीचे पेपर घेऊन बसले आणि वर धप्प. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. पंधरा मिनिटं सहन केलं आणि लाल पेन हातात तसंच धरून वर गेले. गच्चीवर काकांनी गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, पोत्यात भरून आणलेले दगड मांडले होते, चढ, उतार, खिंड, सगळं. आणि स्वतः गाडी गुडघ्यापर्यंत उचलून खाली सोडत होते.

"काका, बस झालं! पोरगी खेळायला येतेय की कारखाना तपासायला?"

"छत्तीस," ते म्हणाले. "चौदा राहिल्या."

"अहो, मोडेल ती!"

"आत्ता मोडली तर बरं!" ते माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडले. "तिच्या हातात मोडली तर कोण ओरडणार? मीच ओरडणार. मला नाय आवरत, बाई. तुम्हाला काय वाटतं, मला म्हाईत नाय?"

मग दगडावर बसले आणि खाली बघत बोलत राहिले. नितीन सहा वर्षांचा असताना त्यांनी त्याला निळी, चावीची गाडी आणली होती. त्याच संध्याकाळी ती बंद पडली. कोरी वस्तू तासाभरात बंद पडली म्हणजे पोरानेच वाट लावली, असं धरून काकांनी त्याच्या दोन कानफटात लावल्या. दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत कारखान्यात ती गाडी उघडली. आतलं दातेरी चाक दांड्यावर नीट बसवलेलंच नव्हतं. गाडी दुकानातूनच खराब आली होती.

"मग नितीनला सांगितलंत?"

"नाय."

"कधीच?"

"तीस वर्षं झाली. आता काय सांगू? त्यानंतर त्यानं माझ्याकडं काय मागितलं नाय कधी. वही संपली तरी आईला सांगायचा."

मी भांडायला आले होते आणि भांडण तसंच हातात राहिलं. काहीतरी करायचं म्हणून मी तो लाकडी पंजा उचलला. मी रोज असे चाळीस हात बघते. कोणाच्या हाताला शाई, कोणाच्या बोटाला पट्टी.

"काका, हा पाच वर्षांच्या मुलीचा हात नाही. फार लहान आहे."

"कार्डावरनं घेतलाय. केसाचा फरक नाय."

"कार्ड कधीचं?"

जुन्या ड्रॉइंगवरून माल बनवणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवावं, हे त्यांचं लाडकं वाक्य सोसायटीतल्या मांजरांनाही पाठ आहे.

"तिच्या तिसऱ्या वाढदिवसाचं," ते म्हणाले. "त्यानंतर आलं नाय कार्ड."

त्यांनी पंजा माझ्याकडून घेतला आणि स्वतःच्या तळहातावर ठेवून बघितला. "लय वाढला असंल नाय आता?" मग खडू काढून त्याच्यावर सावकाश, नीट फुली मारली. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा या माणसाचाच राग आला. मी खाली जाऊन पेपर तपासत बसले. वरून आणखी चौदा धप्प ऐकू आले.

वसुबारसेला मंडळी आली. संध्याकाळी काकांनी मलाही गच्चीवर बोलावलं. मुक्ता म्हणजे आवाजाने अगदी आजोबांवर गेलेली. काकांनी गाडीच्या आधी कागद काढला. "हात ठेव इथं." ते पेन्सिलीने पंजा गिरवू लागले, तशी ती गुदगुल्या होऊन खिदळायला लागली. "हलू नको, माप चुकंल," काका म्हणाले, पण हळू. नितीन टाकीपाशी हाताची घडी घालून उभा होता. पस्तिशी ओलांडलेला माणूस, आल्यापासून वडिलांशी एक शब्द बोलला नव्हता.

रिमोट तिच्या हातात आरामात मावला. गाडी पहिला दगड चढली, दुसरा चढली. तिसऱ्यावर मुक्ताने बटण दाबून धरलं, गाडी कडेवरून घसरली आणि आडवी पडली. पुढचं चाक निसटलं आणि गडगडत काकांच्या पायाशी येऊन थांबलं.

मुक्ताचा चेहरा पडला. काकांच्या मानेची शीर फुगली, मला लांबून दिसली.

आणि नितीन दोन ढांगांत येऊन त्या दोघांच्या मध्ये उभा राहिला. आपण असे उभे राहिलोय हे त्यालाही कळलं होतं की नाही, कोण जाणे. मुलगी त्याच्या पायांमागे दिसेनाशी झाली.

काकांचा हात खिशात गेला. खडू बाहेर आला. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग मध्ये रोवलेल्या मुलाच्या पायांकडे बघितलं. मग खडू दगडावर ठेवला.

"नितीन," ते म्हणाले. "तुझी ती निळी गाडी. आतलं चाक सैल होतं. दुसऱ्या दिवशी मी उघडून बघितलं होतं. तू नव्हती मोडली."

"कोणती निळी गाडी?" मुक्ताने मागून विचारलं. मी टाकीच्या झाकणावरची फुली बघत उभी राहिले, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं.

थोड्या वेळाने नितीन बाजूला झाला. मांडी घालून फरशीवर बसला, गाडी उलटी केली आणि चाक लावून बघितलं.

"स्क्रू ढिला झालाय. कोणी आपटली होती का ही?"

"पन्नास वेळा," मी म्हणाले. मला राहवलं नाही.

नितीनने मान वर करून वडिलांकडे बघितलं. "स्क्रूड्रायव्हर लागेल, बाबा."

"आणतो," म्हणत काका उठले. लिफ्टला त्यांचीच फुली होती, म्हणून जिन्याकडे वळले. पाच मजले खाली, पाच मजले वर. घाईघाईने पहिली पायरी उतरताना त्यांनी कठडा धरला.

"बाबा, सावकाश," नितीन मागून म्हणाला.