एका बांगड्याची मालकीण

आनंदाचा तीनचाकी टेम्पो नाक्यावर अडवला गेला, तेव्हा मागच्या हौद्यात मासळीच्या पाट्या होत्या आणि पाट्यांच्या मधोमध गुणवंती, हौसा आणि कमळा बसल्या होत्या.

वाहन निरीक्षकांनी कागद पाहिले. "ही मालाची गाडी. माणसं न्यायची तर रिक्षाचा परवाना काढायचा."

"सायेब, रिक्षाला तीन चाकं, ह्यालापण तीनच."

"चाकं मला शिकवू नकोस. आत काय बसलंय त्यावर गाडी ठरते. लायसन जाईल तुझं."

आनंदाचा चेहरा पडला. लायसन गेलं म्हणजे टेम्पो दारात आणि चूल थंड. गुणवंती मात्र भडकली.

"पासेंजर कोणाला म्हणता? मासळी माझी. मी बरोबर जायचं नाय, तर सुरमयनं एकटीनं जायचं बाजारात?"

"मालाचा मालक असेल तर गोष्ट वेगळी," निरीक्षक म्हणाले. "कोणाचा माल कोणता, दाखवा."

गुणवंतीने सुरमयीच्या पाटीवर हात ठेवला, हौसाने बांगड्यांच्या. कमळाकडे नुसती पिशवी होती. ती सरकारी दवाखान्यात बाळंतीण लेकीला बघायला निघाली होती.

"हिचा माल?"

हौसाने एक बांगडा उचलून कमळाच्या ओटीत टाकला. "हा."

"आत्ता माझ्यासमोर दिलास तो."

"दिला नाय, इकला. धंदा हाय माझा."

"एक बांगडा हा माल?"

आता कमळालाही राग आला. "मंग? गरिबाचा एकच असला तर तो माल नाय, पावना काय?"

माल किती असावा, हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. पाट्यांतलं बर्फाचं पाणी निरीक्षकांच्या बुटांवर ठिबकू लागलं होतं. "न्या ती गाडी इथून," ते चिडून म्हणाले.

नाका मागे पडताच हौसाने हात पुढे केला. "आण गो माझा बांगडा."

"कसा देऊ?" कमळाने तो पदरात गुंडाळला. "दिला की मी पासेंजर. पुढं कोणी अडवलं तर आनंदाचं लायसन जायचं."

"हौसाकाकी, राहू दे," आनंदा पुढून कळवळला. "ती उतरेपर्यंत तरी राहू दे."

दवाखाना बाजाराच्या अलीकडेच लागला. कमळा खाली उतरली, आणि नियमाप्रमाणे तिचा मालही तिच्याबरोबर उतरला.