झारीचा लाल दिवा

यंत्र कधीही खोटं बोलत नाही. खोटं बोलायला मन लागतं, आणि मन ही वस्तू निसर्गाने फक्त माणसाला दिलेली आहे. हे वाक्य मास्तरांनी नववीच्या विज्ञानाच्या तासाला सलग तेवीस वर्षं उच्चारलं होतं. त्यांच्या घरातला वजनकाटा चार किलो जास्त दाखवतो, असं ते बायकोला सांगत. पण तो भाग अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

तर त्या रविवारी सकाळी मास्तर सासऱ्यांची गाडी पुसत होते. संध्याकाळी पाच वाजता ती परत करायची होती.

सासरे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. एके काळी ते बाजारात शिरले की तराजूंना घाम फुटायचा. लग्न ठरताना त्यांनी मास्तरांची उंची विचारली नव्हती, मोजली होती. ती सांगितल्यापेक्षा दोन सेंटिमीटर कमी भरली, आणि गेली अठरा वर्षं सासऱ्यांच्या नजरेत जावई तेवढा कमीच राहिला. अशा माणसाने आपली गाडी द्यावी हेच नवल. पण नातीला परगावी वसतिगृहात सोडायचं होतं, गादी आणि तीन पेट्या बसमध्ये मावत नव्हत्या, तेव्हा शुक्रवारी त्यांनी नाइलाजाने किल्ली पुढे केली.

"जावईबापू, जशी नेताय तशी आणा," ते म्हणाले. "आणि रविवारी पाच म्हणजे पाच."

यात आणखी एक मेख होती. डोळ्यांच्या तक्रारीमुळे सासरे पुढच्या महिन्यापासून गाडी चालवणं सोडणार होते आणि गाडी 'ज्याला सांभाळता येईल त्याला' देणार होते. उमेदवार दोनच. एक मास्तर, दुसरे त्यांचे साडू. साडूंची स्वतःची गाडी म्हातारी झाली होती, पण ते तिचं ऑइल स्वतःच्या हाताने बदलत आणि बदललं की सगळ्या नातेवाइकांना कळवत.

"ही गाडी ताईकडे गेली ना," मास्तरांची बायको म्हणाली, "तर जन्मभर मला तिच्या मागच्या सीटवर बसून 'किती गं छान चालवतात भाऊजी' म्हणावं लागेल. एक ओरखडा दिसता कामा नये."

मास्तरांनी म्हणूनच कंबर कसली होती. चाकं झाली, काचा झाल्या, पायपुसणी झटकून झाली. मग ते समोरच्या मीटरकडे वळले. मीटरच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात, सासूबाईंचा छोटासा चौकटीतला फोटो चिकटवलेला होता. खाली सासऱ्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं : 'घरी कुणीतरी वाट पाहतंय.' सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून गाडीपाशी नेत आणि हा फोटो दाखवत. तो बघून साडूंनीही आपल्या गाडीत ताईचा फोटो लावला होता. गेले दोन दिवस मास्तर गिअर टाकायचे तेव्हा सासूबाई त्यांच्याकडे रोखून बघत होत्या.

"शिका काहीतरी," बायको म्हणाली. "बाबांनी आईचा लावला, भाऊजींनी ताईचा लावला. तुम्ही कधी लावलात माझा?"

"आपल्याकडे गाडी कुठाय?"

"स्कूटरला लावायचा. इच्छा असली की जागा सापडते."

मास्तरांनी फोटो हलकेच उचकटला, मागची धूळ पुसली आणि ओल्या काचेवर तो पुन्हा चिकटेना, म्हणून मऊ फडक्यात गुंडाळून कप्प्यात ठेवला. काच आरशासारखी लख्ख झाली. आता गाडी सावलीत घ्यावी म्हणून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि त्या लख्ख काचेमागे एक लाल दिवा लागला.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

बायको खिडकीतून वाकली. दिव्यावर चोच असलेल्या भांड्याचं चित्र होतं आणि चोचीतून एक थेंब गळत होता. "किटली आहे. थांबा आणि चहा प्या, असं सांगत असेल."

मास्तरांनी गाडीसोबतची पुस्तिका काढली. ती किटली नव्हती, तेलाची झारी होती. इंजिनातल्या ऑइलचं प्रेशर कमी झालं आहे, इंजिन तत्काळ बंद करा, गाडी चालवल्यास इंजिन कायमचं निकामी होऊ शकतं, असं लिहिलं होतं. मास्तरांनी 'तत्काळ' हा शब्द वाचायच्या आत किल्ली उपटली.

"दोन दिवसांत मी इंजिन मारलं," ते पांढरेफटक पडत म्हणाले.

"हळू बोला. भिंतीला कान असतात, आणि आपल्या भिंतीपलीकडे कॅप्टन असतात."

कॅप्टन तोवर भिंतीअलीकडे आले होते. शेजारी राहणारे हे गृहस्थ सतरा वर्षं जहाजावर होते, म्हणून सगळी गल्ली त्यांना कॅप्टन म्हणे. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आत डोकं घातलं, आणि दीर्घ श्वास घेतला.

"तेलाचा प्रॉब्लेम आहे," ते म्हणाले.

"ते दिवाच सांगतोय!"

"दिवा सांगतोय. मी वासावरून सांगतोय. मास्तर, सतरा वर्षं तेल बघितलंय मी. डिपस्टिक काढा."

मास्तरांनी ती लांब पातळ पट्टी ओढली, पुसली, पुन्हा आत घालून काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. कारण सापडलं की निम्मा रोग बरा होतो, हेही ते नववीला शिकवत. कॅप्टन स्कूटरवरून जाऊन ऑइलचा डबा घेऊन आले आणि दोघांनी मिळून जवळजवळ सगळा रिकामा केला. किल्ली फिरवली. दिवा लागला. उलट आता तो जास्त लाल दिसत होता, असं बायकोचं मत पडलं.

तेवढ्यात फोन वाजला. सासरे होते.

"काय करताय जावईबापू?"

"गाडी धुतोय."

"सकाळपासून?"

"नीट धुतोय."

"पाणी मोजून वापरा," सासरे म्हणाले आणि फोन ठेवला.

गॅरेज गल्लीच्या तळाशी होतं, पण रविवारी ते चारला उघडायचं. गाडी सुरू न करता उतारावरून तिथे घरंगळत नेता येईल, असं मास्तरांनी सुचवलं. त्यासाठी तिचं चढाकडे असलेलं तोंड उताराकडे वळवायला हवं होतं. मास्तर सुकाणूवर, बायको आणि कॅप्टन मागे, अशा रचनेत पाऊण तास ढकलाढकली झाली. एका कुंडीचा बळी गेला. गाडी वळली. मग मास्तरांमधला शास्त्रज्ञ जागा झाला. प्रयोग दोनदा करावा, या तत्त्वाने त्यांनी डिपस्टिक पुन्हा काढली. ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं चार बोटं वर होतं.

"अरे बाप रे," कॅप्टन म्हणाले. "वाढलं."

"वाढेल कसं? दूध आहे का ते उतू जायला?"

"जास्त तेल वाईट, मास्तर. भसकन वर येतं. थोडं काढून घ्या."

ऑइल काढायचा बोल्ट गाडीच्या पोटाखाली असतो. मास्तर पुस्तिका छातीवर ठेवून खाली सरकले. कॅप्टननी घरून एक प्रचंड कढई आणि लांब दांड्याचा झारा आणला. मास्तरांनी बोल्ट जरासा सैल करून थोडंसं ऑइल काढायचं ठरवलं होतं. पण बोल्टने तसं काही ठरवलं नव्हतं. तो निखळला, कढईत बुडाला, आणि मागोमाग इंजिनातलं सगळं ऑइल काळ्या नागासारखं बाहेर आलं. कढई भरली. बायकोने धावत जाऊन कपड्यांचा टब आणला. तोही निम्मा भरला. मास्तर बाहेर आले तेव्हा फक्त दात ओळखू येत होते.

कॅप्टननी झाऱ्याने बोल्ट शोधून काढला, निथळवला आणि दिला. "आता निदान जास्त नाही," ते म्हणाले.

"आता काहीच नाही!" बायको ओरडली. "बाबांना काय सांगायचं? जशी नेली तशी आणलीय, फक्त आतून रिकामी आहे?"

पावणेचारला गाडी उतारावरून निघाली. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, ही माहिती पुस्तिकेत पुढच्या पानावर होती. मास्तर गॅरेजवरून सन्मानाने पुढे गेले आणि पन्नास पावलांवर एका वाळूच्या ढिगात विसावले. तिथून ढकलत मागे आणेपर्यंत गॅरेज उघडलं होतं आणि मेकॅनिक दारात उभा राहून हे सगळं पाहत होता.

"सर, तुम्ही?" तो म्हणाला. मास्तरांच्या हातून तो नववीला विज्ञानात एकदा नापास झाला होता. त्याने सगळी हकीकत शांतपणे ऐकली. "ऑइल पहिल्यांदा चढावर मोजलंत?"

"हो."

"मग उतारावर?"

"हो."

"सपाटीवर?"

मास्तरांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टननी आकाशाकडे.

"द्रवाचा पृष्ठभाग नेहमी क्षितिजसमांतर राहतो, भांडं कितीही तिरपं करा," मेकॅनिक म्हणाला. "तुम्हीच शिकवलं होतंत सर. मी चुकीचं लिहिलं म्हणून अंगठे धरून उभं केलं होतंत." मग तो कॅप्टनकडे वळला. "आणि काका, जहाजावर इंजिनात होतात ना तुम्ही?"

"किचनमध्ये," कॅप्टन म्हणाले. "पण वर्दी तीच असते."

मेकॅनिकने गाडी सपाट फरशीवर घेतली, बोल्ट घट्ट केला, मापाने नवं ऑइल भरलं. मग इंजिनाच्या कुशीतून अंगठ्याएवढा एक गंजका तुकडा काढला आणि त्या जागी घड्याळासारखी तबकडी जोडून गाडी सुरू केली. तबकडीचा काटा टुणकन उठला आणि मधोमध उभा राहिला.

"प्रेशर शंभर नंबरी आहे सर. पहिल्यापासूनच असणार. इंजिनाला काही झालेलं नाही." त्याने तो गंजका तुकडा मास्तरांच्या तळहातावर ठेवला. "प्रेशर बघून दिव्याला कळवायचं काम याचं. झारीतला शुक्राचार्य हा. आणि आज मेलेला नाही हो, जुना मयत आहे."

हे शेवटचं वाक्य मास्तरांनी ऐकलंच नाही. ते आनंदाने कॅप्टनला मिठी मारत होते, आणि कॅप्टन सुटायचा प्रयत्न करत होते. नवा सेन्सर बसवायला दहा मिनिटं लागली. इंजिन सुरू झालं. दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला.

पाचला दोन मिनिटं कमी असताना गाडी सासऱ्यांच्या दारात उभी राहिली. मास्तरांनी शर्ट बदलला होता. कानात थोडं ऑइल होतं. सासरे घड्याळ बघतच बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, चाकं दाबली, किलोमीटर वहीत टिपले. मग गाडी सपाटीवर असल्याची खात्री करून डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेवर, केसभरही इकडेतिकडे नाही. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दाराशी आल्या.

सासरे आत बसले. किल्ली फिरवली. मीटरकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"दिवा कुठाय?"

अठरा वर्षांत प्रथमच ते सासऱ्यांशी सलग तीन मिनिटं बोलले. कप्प्यात ठेवलेला फोटो, झारी, चढ, उतार, कढई, वाळू, सगळं सांगितलं. "पण तो दिवा आता गेला," ते शेवटी म्हणाले. "कायमचा."

"गेला?" सासऱ्यांचा चेहरा उजळला. "अहो, सहा वर्षं जळत होता तो! तेव्हाच्या मेकॅनिकने सांगितलं, ऑइल ठीक आहे, दिवा खोटा आहे, पार्ट मिळत नाही. आणि तो असा डोळ्यांवर यायचा! शाब्बास, जावईबापू. म्हणजे आता फोटोची गरजच नाही."

ट्रेमधले कप किणकिणले.

"कसली गरज?" सासूबाईंनी विचारलं.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत सासऱ्यांनी मापात कधी लबाडी केली नव्हती. त्यांनी आताही केली नाही. "दिवा झाकायला. आधी बसचं तिकीट लावून पाहिलं, पण त्यातून उजेड यायचा. तुझा फोटो बरोबर मापाचा निघाला."

"आणि खाली लिहिलंय ते?"

"ते होय? चौकटीत खाली जागा रिकामी दिसत होती."

सासूबाईंनी ट्रे बॉनेटवर ठेवला. कप्प्यातून फोटो काढून पदरात घेतला. मग हात लांब करून किल्ली काढली आणि मास्तरांच्या हातावर ठेवली.

"न्या ही गाडी. आत्ताच न्या."

"अगं, पण पुढच्या महिन्यात..." सासरे म्हणाले.

"तुम्हाला डोळ्यांचा त्रास आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. "घरात बसा. घरी कुणीतरी आहे."

परतताना गाडी रेशमासारखी चालत होती. मीटरवर एकही दिवा नव्हता. मास्तर शीळ घालत होते, पण बायको मीटरच्या रिकाम्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होती.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "भाऊजींच्या गाडीतला ताईचा फोटो केवढा आहे हो?"

मास्तरांनी आठवून पाहिलं.

"वेगाचा काटा तेवढा दिसतो," ते म्हणाले.