डॉक्टर, हलू नका

खडकावर बसून डॉक्टरांनी केळं सोललं, पहिला मोठा घास तोंडात कोंबला, आणि तेवढ्यात समोरच्या वाळूच्या उंचवट्यामागून दबकी हाक आली, "डॉक्टर, हलू नका."

हे वाक्य खरं तर त्यांचंच. दातांचे डॉक्टर असल्यामुळे दिवसभर ते लोकांना हेच सांगत. स्वतः ऐकायची वेळ आज आली होती आणि ऐकवणारे होते पक्षीमंडळाचे अध्यक्ष, ज्यांची अक्कलदाढ डॉक्टरांनी नुकतीच उपटली होती.

पक्ष्यांचं वेड डॉक्टरांना नव्हतं, बायकोला होतं. एकदा तरी चला, असं ती फार दिवस म्हणत होती म्हणून ते आले. सकाळभर मंडळी वाळूत पालथी पडून दूरचे ठिपके न्याहाळत होती. डॉक्टरांना सगळे ठिपके एकाच आईचे वाटले. शेवटी भूक लागली, तसे ते ओहोटीने मोकळ्या झालेल्या ओल्या वाळूवरून या एकट्या खडकापर्यंत आले आणि किनाऱ्याकडे तोंड करून बसले.

अध्यक्ष कोपरांवर सरपटत थोडे पुढे आले आणि त्यांनी कुजबुजत परिस्थिती समजावली. डॉक्टरांच्या उजव्या कोपराच्या जरा मागे, खडकालगतच्या डबक्यात, चमच्यासारख्या चोचीचा एक चिमुकला पक्षी उतरला होता. या किनाऱ्यावर तो आजवर कुणालाच दिसला नव्हता. मान वळवायची नाही, चावायचंही नाही.

डॉक्टरांनी केळं गालात धरलं. उंचवट्यावर दुर्बिणींची रांग त्यांच्यावर रोखलेली होती. थोड्या वेळाने डाव्या पोटरीत गोळा आला. मग खिशातला फोन थरथरू लागला. पक्ष्याने डोकं वर केलं असावं, कारण समोरच्या सगळ्या मंडळींनी एकदम श्वास रोखला. फोन थांबला. मंडळींनी श्वास सोडला. डॉक्टरांनी मात्र सोडला नाही, कारण आता त्यांना पाठीमागून पाण्याचा आवाज येत होता.

भरती लागली होती. खडक आणि किनारा यांच्यामधल्या सखल पट्ट्यात पाणी शिरलं, बघता बघता ते डॉक्टरांच्या बुटांना लागलं आणि मोज्यांत उतरलं. डबकं बुडाल्यामुळे पक्षी खडकावरच चढला असावा, कारण अध्यक्षांनी आनंदाने डोळे मिटून हात जोडले. डॉक्टरांना पोहता येत नव्हतं. हे ओरडून सांगावं तर तोंडात केळं. त्यांनी भुवया उडवून बायकोकडे बघितलं. ती दुर्बिणीला डोळे लावून दगडासारखी पडली होती. इतकी वर्षं संसार केला आणि शेवटी आपली किंमत खडकाएवढी, असं त्यांच्या मनात आलं. पाणी नडगीपर्यंत चढलं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात बायको ताडकन उभी राहिली.

"अहो, उठा! या इकडे!"

कानाजवळून काहीतरी फुर्रकन उडालं. डॉक्टरांनी उडी टाकली आणि देवाचं नाव घेत ते निघाले. किनाऱ्यावर पोहोचले, तर चोरपावली घरात शिरलेल्या मांजरीकडे बघावं तशी मंडळी त्यांच्या बायकोकडे बघत होती. अध्यक्ष थंडपणे म्हणाले, "वहिनी, भर भरतीतही तिथे गुडघ्याच्या वर पाणी येत नाही. तुम्हाला तर पाठच आहे हे."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंतच भिजली होती.

परतताना बायकोने गाडी चालवायला घेतली. मग डॉक्टरांनी विचारलं, "तुला माहीत होतं ना, बुडत नाही तिथे?"

"होतं."

"मग हाक कशाला मारलीस? एवढा पक्षी आला होता."

"दुर्बिणीतून माणसाचा चेहरा फार जवळ दिसतो हो," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "तुम्ही रडायला लागलात."

डॉक्टरांनी बूट आणि मोजे काढले. मग अपराध्यासारखं विचारलं, "कसा होता गं तो?"

"कोण?"

"पक्षी."

"मी कुठे बघितला? मी तुमच्याकडेच बघत होते." तिने सुस्कारा टाकला. "आता पुढच्या रविवारी परत यावं लागणार."

डॉक्टरांनी ओले मोजे पिळले.

"येऊ," ते म्हणाले. "फक्त मी बसायचं कुठे, तेवढं आधी सांग."