खालच्या मजल्यावरचा राक्षस

लेखिकाबाईंच्या दारात खालच्या मजल्यावरचे आजोबा उभे होते आणि त्यांच्या हातात त्यांचंच चित्र असलेलं पुस्तक होतं.

नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशात येऊन पडल्यावर बाईंना काही करमेना, म्हणून त्यांनी मुलांसाठी गोष्ट लिहिली. विषय शोधायला लांब जावंच लागलं नाही. लेक बिट्टी घरात जरा धावली, की खालचे आजोबा काठीने छत ठोकत. बाईंनी त्यांचा राक्षस केला. मुलांच्या पावलांचे आवाज चोरून बरणीत भरणारा राक्षस! चित्रकार बसला होता तिकडे मायदेशी. त्याने जिन्याचा फोटो मागितला, बाईंनी पाठवला. फोटोच्या कोपऱ्यात आजोबा उभे होते, हे बाईंच्या लक्षातच आलं नाही. चित्रकाराच्या मात्र बरोबर आलं. त्याने आजोबांना हिरवा रंग दिला, दोन शिंगं काढली आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं: नाकावर घसरलेला चष्मा, वाकडी काठी, अंगठ्याशी फाटलेल्या चौकडीच्या सपाता.

तरी बाई निर्धास्त होत्या. इथे मराठी कोण वाचतंय! पण नवऱ्याला औदार्याचा झटका आला आणि त्याने जिन्याखालच्या सामायिक पुस्तकांच्या फळीवर एक प्रत नेऊन ठेवली. चित्र बघायला भाषा लागत नाही, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

"वाचून दाखवा," आजोबा खुर्चीत बसत म्हणाले.

"एक होते प्रेमळ गृहस्थ..." बाईंनी आजोबांच्या भाषेत सुरुवात केली.

"ही शिंगं कसली?"

"टोपी आहे ती. थंडीची."

"आणि छत का ठोकतोय?"

"जळमटं काढताहेत. स्वच्छतेची फार आवड हो त्यांना."

"शेवटी पोरं मागे का लागलीत?"

"निरोप द्यायला. सहलीला निघालेत ना ते."

"काय गं आई, थापा मारतेस!" बिट्टी आतून आली. शाळेत जाऊन जाऊन ती इथली भाषा आईपेक्षा झकास बोलायची. "आजोबा, तो राक्षस आहे. मुलं त्याला हाकलून देतात. संपली गोष्ट!"

आजोबा उठले. पुस्तक काखोटीला मारून जिना उतरून गेले.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पाय वाजता कामा नये!" असा त्यांनी बिट्टीला दम भरला. पोर बिचारी चवड्यांवर चालू लागली. खालून ठोकणंही थांबलं. इकडे दुसऱ्या भागासाठी प्रकाशक हात धुऊन मागे लागलेला. बाई कागद घेऊन बसत, पण राक्षस काही येईना. एका एकट्या म्हाताऱ्याला आपण, गोष्टीत का होईना, घराबाहेर काढलं, याचीच लाज वाटत राही. शेवटी मनाचा हिय्या करून त्या खाली गेल्या.

"चुकलंच माझं, आजोबा."

"राक्षस म्हणालात त्याचं काही नाही. बायको जन्मभर तेच म्हणायची. फक्त ती लाडाने म्हणायची." त्यांनी शेवटचं पान उघडलं. "पण मला सांगा, हाकलल्यावर तो गेला कुठे?"

"कुठे म्हणजे... गोष्ट तिथे संपते."

"तुमची संपते हो. त्याचं काय? नवा मुलूख, ओळख ना पाळख. तिथली भाषा तरी येते का त्याला?"

बाईंना आपले सुरुवातीचे दिवस आठवले. इथे आल्या तेव्हा दुकानात साधा पाव मागायचा तर त्यांना बोटाने दाखवावा लागे. ते काही त्यांनी गोष्टीत लिहिलं नव्हतं.

"आणि पोरगी आजारी आहे का?" आजोबांनी छताकडे पाहिलं. "पाऊल वाजत नाही तिचं. पूर्वी निदान कळायचं, वर कुणीतरी आहे. आता घर खायला उठतं."

बाई धावतच वर आल्या. "बिट्टे, नाच! चांगली पाय आपटून नाच!"

"तूच तर नको म्हणालीस!"

"आता मीच सांगतेय ना!"

बिट्टीने पलंगावरून धाडकन उडी मारली. मायलेकी कान देऊन उभ्या राहिल्या. खालून काहीच नाही. बिट्टीचा चेहरा पडला, बाईंचाही. आणि मग काठी वाजली, भिंतीवरचं घड्याळ हलेल इतकी जोरात.

"आला!" बिट्टी ओरडली.

बाईंनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'राक्षस घरी परत आला.'