कूलरच्या पत्र्याची राणी

दौलतरावकाकांनी राणीचं नाव विचारलं नाही, राज्य विचारलं नाही. टेप माझ्या खांद्याला लावून एवढंच म्हणाले, "पत्रा किती गेजचा घेऊ?" तेव्हाच काहीतरी चुकतंय असं मला वाटलं होतं. (पण मला कुकरच्या शिट्टीनंही तसंच वाटतं, म्हणून मी स्वतःचं फारसं ऐकत नाही.)

खरा दोष संघमित्राचा. माझी मैत्रीण, इतिहासात एम.ए. माझ्या कादंबरीत सात चंद्र आहेत, बोलणारे गेंडे आहेत आणि घाईघाईत चिलखत चढवून घोड्यावर उडी मारणारी एक राणी आहे. गेंड्यांबद्दल ही बया चकार शब्द बोलली नाही.

"चिलखत एकटीच घालते? त्यात तिले बसता येते का? काही वाचलं का तू, का मनानंच लिहून राहिली?"

मग मी दोन महिने वाचलं. चिलखताचं वजन सापडलं, कड्या सापडल्या, पण त्यात बसता येतं की नाही हे कुठंच मिळेना. आमच्या सेक्टर दहात शेजारच्या क्वार्टरमध्ये दौलतरावकाका राहतात. स्टील प्लांटमधून फिटर म्हणून रिटायर झाले, आता घरीच कूलर बनवतात. त्यांना म्हटलं, एक चिलखत कराल का?

ते तयार झालं नेमकं सोमवारी. त्याच संध्याकाळी नागपूरच्या एका प्रकाशकांनी मला पहिली तीन प्रकरणं वाचून दाखवायला बोलावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी 'या' म्हणालं होतं! दुर्गहून एकची गाडी. आई-बाबा लग्नाला गेलेले. साडेदहाला काका पत्रा घेऊन दारात.

"पाच मिनिटं, बेटी. ट्रायल फिटिंग."

त्यांच्या हातात पाना होता. मागं उभं राहून त्यांनी काहीतरी खटपट केली, पत्रा अंगाला घट्ट बसला. "हालू नको. आलोच मी," म्हणाले, आणि स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

साडेअकरा झाले. पाठीवरच्या नटांपर्यंत हात पोहोचेना. आरशात बघावं तर गळ्याचा पत्रा मान वळू देईना. खुर्चीवर बसायला गेले आणि खुर्चीसकट भिंतीला टेकले. (राणीला बसता येत नाही. संशोधन पूर्ण.)

काकांना सतरा फोन केले. भागाबाईकाकू, म्हणजे काकांच्या बायको, भजनात होत्या. संघमित्रा उचलेना.

बाराला बुक केलेला ऑटो आला. मी खिडकीत गेले. ड्रायव्हरनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

"मैडम, स्टेशन आपको जाना है, या ये कूलर पहुँचाना है?"

"मुझे! रुकिए, भैया!"

"कूलर का अलग से लगेगा."

परक्या माणसाला 'माझ्या पाठीचे नट खोला' असं कसं सांगायचं? मी दचकून पडदा ओढला. आता गाडी जाणार, प्रकाशक रागावणार, सातही चंद्र मावळणार. खेळ खलास! नाक ओढत मी अठराव्यांदा फोन लावला. आणि उचलला गेला!

"काका! कुठं आहात?"

"नंदिनी गावाले. गाडी चालवून राहिलो होतो, म्हनून उचलला नाही. कावून रडून राहिली?"

"माझी गाडी आहे एकची! हे पाठीवरचे नट खोला आधी!"

"कोनते नट?"

"चिलखताचे!"

"अवं, नट लावलेच कुठी? तेच घ्याले तर आलो ना इकडं. आता नुसते तुह्या काकूचे कपड्याचे चिमटे लावले हायेत. एक मोठा श्वास घेतला का सुटते सारं." मग काका काळजीच्या सुरात म्हणाले, "सकाळपासून श्वास घेतला नाही का तू?"